हाड आपले आपण जुळते, माणूस मात्र सांभाळावा लागतो

मोडलेले हाड औषधाने जोडले जाते अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नसते. हाड आपले आपणच जुळते. डॉक्टर ते सरळ बसवतात, प्लास्टर, सळई किंवा पट्टी लावून ते हलणार नाही अशी व्यवस्था करतात. पुढचे काम शरीर करते. हाताच्या हाडाला साधारण सहा आठवडे लागतात, पायाच्या हाडाला त्याच्या दुप्पट, आणि मांडीच्या मोठ्या हाडाला तीन ते सहा महिने. एवढे दिवस जो माणूस खाटेवर पडून असतो, त्याला कुशीवर वळवायचे, त्याची पाठ पुसायची, त्याला शौचाला भांडे द्यायचे, त्याच्या बोटांचा रंग पाहायचा, हे काम डॉक्टर करत नाहीत. ते आम्ही करतो. दवाखान्यात आम्हा बायकांना ‘मावशी’ म्हणतात आणि पुरुषांना ‘मामा’. कागदावर आमचे नाव आया, कक्षसेवक किंवा वर्ग चार असे असते.

पनवेलमधल्या हाडांच्या एका खाजगी दवाखान्यात मी १९९१ सालच्या पावसाळ्यात कामाला लागले आणि २०१९ साली काम सोडले. माझे शिक्षण नववीपर्यंत. माहेर महाड तालुक्यातले. आमचे मिस्टर तळोज्याच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला आणि घरात दोन लहान मुले. शेजारच्या ताईंनी विचारले, “दवाखान्यात काम आहे, पण घाण काढावी लागते. करशील का?” मी म्हटले, “पोरांची काढतेच की.” पगार महिना ४५० रुपये ठरला.

हे काम कोणीही करू शकतो, त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे तेव्हा मलाही वाटत होते. ते किती शिकावे लागते आणि न शिकता केले तर काय होते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्या वाचक भगिनींपैकी कितीतरी जणी आज दवाखान्यांत आणि लोकांच्या घरी हेच काम करत आहेत. ज्या करत नाहीत त्यांच्या घरी कधी ना कधी सासू, आई, नवरा किंवा मूल हाड मोडून खाटेवर पडणारच आहे.

पनवेलचे पंचांग

आमच्याकडचे एक मामा थट्टेने म्हणत, की या दवाखान्यात भिंतीवर पंचांग लावायची गरज नाही, वॉर्डात कोण आले आहे ते पाहून महिना सांगता येतो. मे महिन्यात आंब्याच्या आणि जांभळाच्या झाडावरून पडलेली पोरे येत, बहुतेकांचे कोपर मोडलेले. जूनमध्ये शेवाळावर घसरलेल्या म्हाताऱ्या, मनगट नाहीतर खुबा. लावणीच्या दिवसांत बांधावरून पडलेली माणसे. दहीकाल्याच्या रात्री थरावरून कोसळलेले गोविंदा. गणपतीत आणि शिमग्याला गोव्याच्या रस्त्यावरच्या अपघातांतली कुटुंबेच्या कुटुंबे. आणि बाराही महिने ट्रकवाले आणि बांधकामावरचे मजूर.

याला कारण पनवेलची जागा. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता इथून जातो. पळस्प्याला त्याला गोव्याचा फाटा फुटतो. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरचे लांबच लांब ट्रेलर या रस्त्यांवर आले. २००२ साली कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याच काळात नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथे सिडकोच्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या परांच्यांवर मराठवाड्यातली, कर्नाटकातली, बिहार-बंगालमधली माणसे चढत होती. रस्त्याचा वेग वाढला, इमारतींचे मजले वाढले, तशा आमच्या खाटाही वाढल्या.

मोडलेले हाड जात-पात विचारत नाही असे म्हणतात. जुळताना विचारत नाही हे खरे. पण कोणाचे मोडणार हे पुष्कळदा कामावरून ठरते. परांचीवर कोण चढतो, पहाटे दोन वाजता ट्रेलर कोण चालवतो, विटा वाहताना कोणाचा पाय घसरतो, हे पाहिले की उत्तर मिळते.

हाताला लागलेले वळण

आमच्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांचे मराठी मोडकेतोडके, पण शिकवणे पक्के. पहिल्या दिवशी त्यांनी ओले प्लास्टर कसे धरायचे ते दाखवले. ओल्या प्लास्टरला बोटे लावायची नाहीत, पूर्ण तळहातावर तोलायचे. बोटांचे खळगे पडले की ते तसेच वाळतात, आतून कातडीला टोचत राहतात आणि चार दिवसांनी तिथे जखम होते. प्लास्टर वरून वाळलेले दिसले तरी आतपर्यंत वाळायला दोन ते तीन दिवस लागतात. त्यावर चादर घालायची नाही, वारा लागू द्यायचा.

दुसरा धडा बोटांचा. प्लास्टरबाहेर राहिलेल्या बोटाचे नख दाबायचे. ते पांढरे होते, आणि सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार लागतात का, रुग्णाला ती हलवता येतात का, मुंग्या येतात का, हे दर तासाला पाहायचे. मोडलेल्या जागी सूज येते. प्लास्टर ताणले जात नाही, म्हणून सूज आतल्या आत रक्तवाहिन्या आणि नसा दाबते. काही तासांत स्नायू मरायला लागतात. अशा वेळी वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि रुग्णाने बोट सरळ केले की तो कळवळतो. “नवीन प्लास्टर आहे, दुखणारच,” असे म्हणून जी मावशी गप्प बसते तिच्या रुग्णाचा हात जातो. जी सिस्टरांना उठवून आणते तिच्या रुग्णाचा वाचतो. प्लास्टर उभे चिरून सैल करायला डॉक्टरांना पाच मिनिटे लागतात. पण त्यांना वेळेवर बोलवणारे कोणीतरी खाटेजवळ जागे असावे लागते.

तिसरा धडा वजनाचा. मांडी मोडलेल्या रुग्णाच्या हाडातून सळई घालून दोरीला वजन टांगत. खाटेच्या पायथ्याखाली विटा नाहीतर लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू उचलत, म्हणजे रुग्ण वजनाबरोबर खाली सरकत नाही. ते वजन लोंबतच राहिले पाहिजे. जमिनीला टेकले की ओढ संपली. झाडू मारताना बाजूला उचलून ठेवले की हाडाची टोके पुन्हा एकमेकांवर चढतात. नातेवाईक दयेपोटी हे करत. रुग्णाला बरे वाटावे म्हणून वजन उचलून खाटेवर ठेवून देत. त्यांना समजावणे हेही आमचेच काम.

चौथा आणि सगळ्यात मोठा धडा वळवण्याचा. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे सतत भार पडला की रक्त पोचत नाही, कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग तिथे खड्डा पडतो. पाठीचा मणका मोडला असेल तर तीन माणसे एका बाजूला उभी राहतात, एक जण डोके धरतो, आणि “एक, दोन, तीन” म्हणून लाकडाचा ओंडका फिरवावा तसे सगळे अंग एकाच वेळी फिरवायचे. एकाने घाई केली तर मणक्यातली नस कायमची जाऊ शकते. सिस्टरांनी हे आमच्याकडून रिकाम्या खाटेवर, एकमेकींना निजवून, कितीतरी वेळा करून घेतले.

डॉक्टरी पुस्तकांत थोर शोधांची नावे असतात आणि ती असायलाच हवीत. प्लास्टरची पट्टी हॉलंडच्या मथायसन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १८५१ च्या सुमारास काढली. क्ष-किरण रंटजेन यांना १८९५ साली सापडले. मांडीच्या हाडात सळई बसवण्याची पद्धत जर्मनीच्या कुंचर यांनी १९३९-४० च्या सुमारास सुरू केली. त्या सळईमुळेच आज मांडी मोडलेला माणूस तीन महिने वजन लावून पडत नाही, थोड्याच दिवसांत कुबड्या घेऊन उभा राहतो. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत लाखो माणसे खाटेवर महिनोन्‌महिने पडून राहिली. त्यांना दर दोन तासांनी वळवणाऱ्या हातांची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत.

भांडे आणि पाणी

हाड मोडल्याची वेदना माणूस सहन करतो. त्याला सहन होत नाही ते खाटेवर शौच करणे. १९९३ साली एक ट्रेलरचालक आमच्याकडे होता. उत्तर प्रदेशचा, पन्नाशीचा. सोबत कोणी नाही. मांडी मोडलेली, वजन लावलेले. तो चार दिवस जेवला नाही. जेवला तर शौचाला लागेल, आणि लागले तर एका बाईला सांगावे लागेल, म्हणून. पाचव्या दिवशी पोट फुगले. मी त्याला म्हटले, “भैया, तुम्ही मला मावशी म्हणता ना? मावशीपुढे लाज कसली?” पण नुसत्या शब्दाने लाज जात नाही. पडदा ओढायचा. बेडपॅन गरम पाण्याने धुऊन, पुसून मग द्यायचे, म्हणजे गार लागत नाही. खालून ढकलायचे नाही. चांगला पाय रोवून, वरची कडी धरून त्याला कंबर उचलायला लावायची आणि मग सरकवायचे. आपण तोंड फिरवून उभे राहायचे आणि त्याच्या गावाची, मुलांची चौकशी करत राहायचे. झाल्यावर नाकाला पदर लावायचा नाही. हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. त्या माणसाने साडेतीन महिने काढले आणि कुबड्यांवर घरी गेला.

दुसरी आठवण वेगळी आहे. खुबा मोडलेल्या एक आजी होत्या, चांगल्या घरच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारले. मी सांगितले. त्यानंतर माझ्या हातचे पाणी त्यांनी घेतले नाही. तांब्या सुनेने भरायचा, सून नसली तर त्या तहानलेल्या राहायच्या. पण बेडपॅन माझ्याच हातून घ्यायच्या, कारण सून त्याला हात लावत नव्हती. एकाच दोन हातांपैकी पाण्याचा हात चालत नव्हता आणि भांड्याचा चालत होता. व्यवस्थापनाच्या कानावर मी हे घातले. “पेशंट आहे, सांभाळून घ्या,” असे उत्तर मिळाले.

मी काय केले असेल असे वाचकांना वाटेल. मी दर दोन तासांनी त्यांना वळवले. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी दिली, चादरीला सुरकुती राहू दिली नाही. पाच आठवड्यांनी त्या घरी गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. त्यांचे मन बदलले का? नाही बदलले. जातानाही पाणी सुनेच्याच हातचे प्यायल्या. त्यांचे मन बदलणे माझ्या हातात नव्हते, त्यांची पाठ शाबूत ठेवणे होते. पण ती पाठ शाबूत ठेवणारा हात अडाणी नव्हता, शिकलेला होता, हे त्या घरात कोणाच्याही लक्षात आले नाही, याचे मात्र वाईट वाटले.

पुढे आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या काळात विनयपिटकातली एक हकीगत ऐकली आणि माझ्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. तुझी सेवा कोणी का करत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून ते करत नाहीत, असे तो म्हणाला. तेव्हा बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी त्याला उचलून मंचावर निजवले. भंतेजी हे सांगत होते तेव्हा मला आमचे उचलण्याचे धडे आठवले. एकाने डोके, एकाने पाय. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस करू नये, आणि रुग्णाला धीराचे शब्द सांगता यावेत. यात आधी ज्ञान आले आहे, मग मैत्री. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

नुसती माया पुरत नाही

हा क्रम उलटा झाला की काय होते ते मी पुष्कळदा पाहिले. एका बांधकामावरून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा टेम्पोतून आणला. त्याच्या गावचे पाच-सहा सोबती बरोबर होते, सगळे रडत होते. ठेकेदार गायब. त्या पोरांनी त्याला दोन्ही बगलांत आणि दोन्ही पायांना धरून, गोणी उचलावी तसे उचलले होते आणि टेम्पोत बसण्यासाठी मोडलेला पाय दुमडला होता. पडला तेव्हा कातडी धड होती असे तेच सांगत होते. उचलताना हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले. आत राहिलेले हाड मोडले तर ते जुळते. बाहेर आलेल्या हाडात धूळ, माती, जंतू जातात. त्या मुलाच्या चार शस्त्रक्रिया झाल्या आणि पाय आखूड राहिला. त्या सोबत्यांच्या मायेत काहीच कमी नव्हते. पण एक फळी किंवा दोन काठ्या पायाला बांधून मग उचलायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

असे काही पाहिले की मला चाळीसगाव आठवते. परमपूज्य बाबासाहेबांचा पाय तिथे १९२९ साली मोडला होता, ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला थांबवले. स्टेशनवरून वस्तीवर न्यायला तांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याचा तांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. तांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे ठरले. साहेबांनी पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. शेवटी तांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक जण पुढे बसला. नदीच्या पुलावर चाक दगडांमध्ये अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, तांगा घोड्यासकट नदीत गेला. बॅरिस्टर झालेल्या माणसाच्या पायाचे हाड मोडले ते शिवाशिवीने.

या हकीगतीतला पहिला धडा सगळ्यांना माहीत आहे. दुसराही मला तितकाच मोठा वाटतो. त्या लोकांचे बाबासाहेबांवर जिवापाड प्रेम होते, पण ज्याच्या हातात लगाम होता त्याला तांगा हाकता येत नव्हता. ज्यांना येत होता त्यांनी नकार दिला. म्हणून जी विद्या आपल्या उपयोगाची आहे ती आपल्या हातात असली पाहिजे, मग ती लगामाची असो की फळी बांधण्याची.

हाडवैद्यांबद्दलही हेच म्हणेन. आमच्याकडे एका लहान मुलाला आणले होते. कोपर मोडले म्हणून गावात बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलेले. दोन दिवसांनी बोटे काळीनिळी. हात वाचला, पण बोटे आकडीसारखी वाकडी राहिली. तरीही सगळ्या हाडवैद्यांना मी वेडे ठरवणार नाही. ज्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट जगभर वापरली गेली ते इंग्लंडमधले डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले होते. घरातली पिढीजात हातोटी त्यांच्याकडे होतीच. तिच्यावर वैद्यकीय शिक्षण चढले तेव्हा तिचा जगाला उपयोग झाला. पहिल्या महायुद्धात त्या स्प्लिंटने मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले.

घरी रुग्ण असेल तर

आता भगिनींसाठी थोड्या उपयोगाच्या गोष्टी.

हाड मोडले असा संशय आला की चोळू नका, ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत काठी, छत्री किंवा वर्तमानपत्राची जाड घडी लावून वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असे बांधा. हाताच्या बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी लगेच काढा. सवाष्णीची जोडवी कशी काढायची म्हणून घरचे अडतात, आणि तासाभरात बोट सुजून जोडवे कातडीत रुतते. मग ते कापावे लागते. जखमीला पाणी किंवा चहा देऊ नका, भूल देण्यात अडचण येते. मान किंवा पाठ दुखत असेल तर उठवून बसवू नका. फळी मिळाल्याशिवाय हलवूच नका. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलिसांचा त्रास होईल ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केला आणि २०१९ साली तो मोटार वाहन कायद्यातही आला.

प्लास्टर घातलेला हात-पाय पहिले काही दिवस उशीवर उंच ठेवा आणि बोटे सतत हलवायला लावा. खाज आली म्हणून झाडूची काडी किंवा पट्टी आत घालू नका. दुखणे वाढत गेले, बोटे बधिर किंवा निळी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला खरा धोका हाडापेक्षा अंथरुणाचा असतो. पाठीच्या जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर एक-दोन दिवसांत उभे राहायला सांगतात तेव्हा “आजीला त्रास नको” म्हणून अडवू नका. लाल झालेली कातडी चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. फुगा फुगवायला द्या, दीर्घ श्वास घ्यायला लावा. आणखी एक गोष्ट. आपल्या म्हाताऱ्या बायका पाणीच पीत नाहीत. सुनेला भांडे द्यायला सांगावे लागू नये म्हणून त्या दिवसभर घसा कोरडा ठेवतात आणि मग लघवीचा आजार, बद्धकोष्ठ सुरू होतो. त्यांना मागावे लागण्याच्या आधी आपणच विचारावे.

खाण्यात नाचणीची भाकरी, तीळ, दूध, अंडी, डाळी, काट्यासकट खायची सुकट असावी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. सकाळचे ऊन घ्यावे. विडी आणि तंबाखू बंद, कारण तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो. मिश्रीही तंबाखूच आहे, हे बायकांनी लक्षात घ्यावे.

पैशांची अडचण असेल तर शासकीय योजनेची चौकशी करा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत आपला रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आमच्या वॉर्डात कित्येकांनी शस्त्रक्रियेसाठी मंगळसूत्र मोडल्यावर या योजनेचे नाव ऐकले.

या कामाची किंमत

मी काम सोडले तेव्हा आमच्या जागी ठेकेदारामार्फत मुली येऊ लागल्या होत्या. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली की पगार कापला. कोणी शिकवायला नाही. सोमवारी आली, मंगळवारी तिला वॉर्डात सोडली. आया ब्युरोकडून घरी पाठवतात त्या बायकांचेही तेच. रुग्णाच्या घरचे पैसे मोजतात, त्यातला काही भाग ब्युरो ठेवतो, आणि बाईला पाठीची जखम कशी टाळायची हे कोणीच सांगितलेले नसते. जखम झाली की दोष मात्र बाईचा.

म्हणून या कामातल्या भगिनींना माझे सांगणे आहे. कामाला लागताना विचारा, कोण शिकवणार? शिकवत नसतील तर सिस्टरांच्या मागे लागा. रुग्ण कधी वळवला, बोटे कशी होती, हे वहीत वेळ घालून लिहा. नववी शिकलेल्या मलाही ते लिहिता येत होते आणि त्या वहीने मला दोनदा खोट्या आरोपातून वाचवले. आणि मुलींना आमच्या पायरीवर थांबवू नका. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, जीएनएमचा तीन वर्षांचा, त्यापुढे नर्सिंगची पदवी आहे. बेडपॅन देणे हलके काम म्हणून मी हे सांगत नाही. सिस्टरही ते देतात. फरक इतकाच, की शिकलेल्या बाईच्या शब्दाला डॉक्टर थांबून ऐकतात, आणि बोटे निळी पडलेल्या पोराचा हात त्या ऐकण्यावर वाचतो.

रुग्णांच्या घरच्यांनाही सांगते. तुमच्याकडे येणाऱ्या मावशीला आडनाव विचारण्याआधी एवढे विचारा, “दिवसातून किती वेळा वळवता?” तिचे उत्तर बरोबर असेल तर ती सांगेल ती रक्कम घासाघीस न करता द्या, आणि पाणी तिच्या हातचे घ्या.

शेवटी वस्त्यांतल्या मंडळांना एक सूचना. आपल्या विहारांत व्याख्याने होतात, जयंतीचे कार्यक्रम होतात. वर्षातून एक रविवार या कामासाठी ठेवावा. मोडलेला पाय बांधायचा कसा, पडलेल्या माणसाला उचलायचे कसे, खाटेवरच्या आजीला वळवायचे कसे, हे दोन तासांत दाखवता येते. वस्तीतली एखादी सिस्टर किंवा जुनी मावशी ते आनंदाने शिकवील. त्यासाठी एक खाट, एक चादर, दोन काठ्या आणि तीन माणसे पुरतात.